शिवराई चिंचेने घासू नये

जुनी तांब्याची नाणी चिंचेने घासून लख्ख करावीत, अशी सूचना एका ठिकाणी वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, जमवणे हा माझ्या अत्यंत जिव्हाळ्याचा विषय आहे. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी किंवा गडद हिरवट थर हा मळ नसून खालच्या धातूला सांभाळणारे आवरण असते. चिंचेतील आम्लाने ते जातेच, शिवाय घासण्याने अक्षरांच्या कडाही झिजतात आणि शिवराईत पाहण्यासारखी असतात ती अक्षरेच. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे दोन ओळींत 'छत्रपति'! फारसी मजकुराची नाणी सर्रास चालत असलेल्या काळातली ही देवनागरी अक्षरे तळहातावर घेताना मला आजही भरून येते.

शिवराई पेशवाईतही पाडली जात राहिल्याने अक्षरांचे वळण, ठिपके आणि दोन ओळींमधल्या रेघा यांवरून तिचे प्रकार ओळखतात. मधल्या दुहेरी रेघेमुळे 'दुदांडी' म्हटली जाणारी शिवराई उत्तरकालीन मानतात. घासलेल्या नाण्यावर नेमक्या याच खुणा पुसट होतात.

भुकटीसारखा सुटणारा फिकट हिरवा थर मात्र निराळा. तो धातू पोखरत जातो, म्हणून असे नाणे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवून जाणकारांना दाखवावे. मऊ पीव्हीसी प्लास्टिकचे अल्बमही टाळावेत. आम्लविरहित कागदाचे पाकीट उत्तम, आणि नाणे कोठून मिळाले ते त्यावर अवश्य लिहावे.