मदत हवी आहे : दहावीसाठी खो-खो बंद करावा का?

भाचा नववीत आहे, गणित-इंग्रजीत काठावर पास. आधी शाळेला सारखी दांडी मारायचा. खो-खोच्या संघात आल्यापासून रोज जातो, कारण वर्गात गैरहजर असेल त्याला सर संध्याकाळी मैदानात घेत नाहीत. गृहपाठही सरावाआधी उरकतो. मार्क अजून फारसे हललेले नाहीत, हे खरं. दाजी म्हणतात, दहावी आली, आता खेळ बंद. (२०२५ च्या विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच होते, पण हे दाजींना सांगून उपयोग नाही!)

मला तर खेळ सुटला की शाळाही सुटेल असं वाटतं. दहावीत मुलांचा खेळ चालू ठेवलेल्या पालकांनी सांगाल का, सराव किती ठेवलात? क्लासची वेळ कशी जुळवलीत? आणि बोर्डाच्या सवलतीच्या क्रीडागुणांसाठी कोणती प्रमाणपत्रं लागली?