वेलाझ्क्वेझचा विदूषक आणि आपली फुकटची कणव

कुंचला: काल इथं एक पोस्ट आली. स्पेनच्या वेलाझ्क्वेझनं १६४४ मध्ये रंगवलेला, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातला तो जमिनीवर बसलेला ठेंगणा विदूषक म्हणे 'राजसत्तेला जाब विचारतोय' आणि चित्रकार 'शोषितांचा कैवारी'. डोकं फिरलं वाचून. अहो, स्पेनचा राजा चौथा फिलिप, त्याचा पगारी नोकर हा चित्रकार! सांतियागो या मानाच्या पंथाची सरदारकी मिळावी म्हणून झिजला, १६५९ मध्ये एकदाची पदरात पडली. हा बंड करणार? बुटांचे तळवे आपल्याकडे, मुठी पोटाशी आवळलेल्या, एवढं चित्रात आहे. जाबबिब आपण चिकटवतो.

तिरकस: पगार घेतला की डोळे जातात का? त्याआधीच्या दरबारी चित्रांत अशा माणसांशेजारी बऱ्याचदा कुत्रा नाहीतर माकड असायचं. इथं काही नाही. नुसती भिंत आणि सरळ नजर. हे काय आपोआप झालं?

कुंचला: वेलाझ्क्वेझनंच रंगवलेला दुसरा विदूषक, पाब्लो दे वायादोलिद, त्याच्या मागे तर भिंतही नाही. फ्रेंच चित्रकार एदुआर माने १८६५ मध्ये ते चित्र बघून वेडावला, तो त्या माणसाभोवतीच्या हवेमुळे. कणवेमुळे नाही.

सांगलीकर: माझा सख्खा मामेभाऊ साडेतीन फुटांचा आहे. लग्नात लोक न विचारता त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. त्याला हे चित्र दाखवलं. म्हणाला, "हा कंटाळलाय रे, किती वेळ बसवलंय त्याला!" तुमचा माने ठेवा बाजूला.

मुक्कामपोस्ट: फोटोवरून आठवलं. प्रादोत फोटो काढूच देत नाहीत! फोन बाहेर काढला की रखवालदार अंगावर येतो.

तिरकस: बरंच आहे. लूव्रमध्ये मोनालिसा कमी आणि फोनच जास्त दिसतात.

मुक्कामपोस्ट: तुम्हाला काय, दरवर्षी जाता. आम्ही जन्मात एकदा जाणार. घरी काय दाखवू, पोस्टकार्ड?

तिरकस: प्रादोच्या संकेतस्थळावर स्वच्छ, मोठी प्रत फुकट आहे.

मुक्कामपोस्ट: संकेतस्थळ बघायला विमानाचं तिकीट काढलं होतं का मी?

तिरकस: मग चित्र बघा ना, फोन कशाला बघता!

मुक्कामपोस्ट: शिकवू नका. तिकिटाचे पैसे मी भरलेत.

कुंचला: धागा कशावर चाललाय? असो. आम्ही शिकलो तेव्हा जमिनीवर बसलेला हा विदूषक सेबास्तियान दे मोर्रा होता. आता प्रादो त्यालाच 'एल प्रिमो' या टोपणनावाचा विदूषक म्हणतं. आणि आधी ज्याला एल प्रिमो म्हणायचे, दुसऱ्या चित्रातला, मांडीवर जाडजूड पुस्तक घेतलेला, तो आता नुसता 'पुस्तकांसह विदूषक'. ज्याचं नाव ठरत नाही, त्याच्या मनातलं मात्र पोस्टकर्त्याला बरोबर कळलं!

सांगलीकर: फिलिपच्या चित्रावरचं नाव असं कधी बदललं का हो?

कुंचला: ...घ्या, हा मुद्दा तुमचा. मामेभावाला तज्ज्ञ म्हणूनही मान्यता दिली. पण कैवारी म्हणणार नाही म्हणजे नाही.

सांगलीकर: दाखवला त्याला धागा. विचारतोय, तज्ज्ञाला मानधन किती?