मूळ सिनेमा तसाच राहतो?

'पुढचे-मागचे भाग नाही आवडले तर बघू नका, मूळ सिनेमा तसाच राहतो' हे एरवी पटलं असतं. पण स्टार वॉर्सचा मूळ सिनेमा तसा राहिलाच कुठे? १९७७ साली सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात 'एपिसोड ४' नव्हतंच, ते १९८१च्या पुनर्प्रदर्शनात आलं. २००४च्या डीव्हीडीत तर कहरच: मूळ मालिकेतल्या तिसऱ्या सिनेमाच्या, 'रिटर्न ऑफ द जेडाय'च्या शेवटी नायक ल्यूकला त्याच्या बापाचा (अनाकिन, म्हणजेच मुखवटेवाला खलनायक डार्थ व्हेडर) आत्मा दिसतो, त्यातून म्हातारा नट सेबॅस्टियन शॉ काढून प्रीक्वेलमधला (नंतर काढलेल्या, पण आधीची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमांतला) तरुण अनाकिन, हेडन क्रिस्टेन्सन, चिकटवला.

भाच्याला त्यात काहीच खटकलं नाही, "हा तर अनाकिन!" मी मात्र अडकलो. थोड्याच वेळापूर्वी मुखवट्याखाली दिसलेला म्हातारा गेला कुठे? आणि ल्यूकने बापाचा हा तरुण चेहरा कधी पाहिला म्हणे?