मदत हवी आहे: सनपॅकचं विमान हातातून सुटताच नाक वर काढतं आणि डावीकडे पडतं

प्रयोगवही

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीची काही मुलं आणि मी मिळून रिमोटवर उडणारं विमान बांधलंय. विमान पूर्ण तयार आहे, मोटर फिरते, रडर-एलिव्हेटर हलतात, पण उडायचं नाव घेत नाही. आमच्या आसपास हा छंद असणारं कुणी नाही, म्हणून इथे विचारते.

पंख १२० सेंमी लांब, २० सेंमी रुंद आणि बॉडीच्या वर बसवलेला. पंखाची दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा ५ सेंमी उचललेली. एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) ठेवलेले नाहीत. वळवायला रडर, वर-खाली करायला एलिव्हेटर, बस. सगळं ४ मिमीच्या सनपॅक शीटचं, म्हणजे आत नळ्या असलेल्या पोकळ प्लास्टिक शीटचं. गावातल्या फ्लेक्सवाल्याने जुने बोर्ड दिले, त्यामुळे एका पंखावर अजून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिसतात. मोटर २२१२, १००० केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे), त्यावर १०×४.५चा प्रॉप (पुढे फिरणारा पंखा), मोटरचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी आणि ३ सेलची २२०० एमएएचची लायपो बॅटरी. रडर-एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी, म्हणजे ९ ग्रॅमवाले दोन सर्व्हो, दोन्ही शेपटीपाशीच बसवलेत. बॅटरी पंखाखाली. किराणा दुकानाच्या काट्यावर सगळं मिळून ११५० ग्रॅम भरलं.

होतं असं: थ्रॉटल (मोटरचा वेग) पूर्ण दिला की एक मुलगा पळत जाऊन विमान सोडतो. थोडं अंतर सरळ जातं, मग एलिव्हेटरला हात न लावता नाक वर, वर, वर. क्षणभर हवेत अडकल्यासारखं होतं, डावा पंख खाली झुकतो आणि त्याच अंगावर जमिनीवर येतं. मी उजवा रडर पूर्ण दिला तरी काही फरक नाही. एलिव्हेटर फूटपट्टी लावून तपासलाय, सरळ आहे.

ज्या ऑनलाइन दुकानातून सामान आलं ते म्हणतात, जायरो (विमानाचं डुलणं आपोआप सावरणारं उपकरण) बसवा, सगळं ठीक होईल. वर्गणी मुलांनी काढलेली आहे. तिच्यातून आणखी खर्च करायचा तर त्याची खरंच गरज आहे हे मला आधी कळायला हवं. मोटरच्या फिरण्यामुळे ते डावीकडे जातंय, की पंखात पीळ आहे? दुसरं, शाळेने असं विमान उडवायला परवानगी लागते का? मुख्याध्यापकांनी लेखी विचारलंय.

पश्चिमवारा

मॅडम, बाकी सगळं सांगितलंत, सीजी (गुरुत्वमध्य, विमान तोललं जातं ती जागा) कुठे येतो ते राहिलं. बॅटरी लावून, दोन बोटं पंखाखाली धरून विमान तोला. आडवं राहतं ती जागा पंखाच्या पुढच्या कडेपासून किती सेंमीवर आहे? जायरो तोवर अजिबात घेऊ नका.

प्रयोगवही

आत्ताच मधल्या सुट्टीत केलं. ८ सेंमी. ज्या व्हिडिओवरून मापं घेतली त्यात ही खूण दाखवलेली नव्हती.

कंट्रोललाइन

मॅडम, मग दुखणं सापडलं. जरा सविस्तर लिहितो, कारण मुलांना हे गणितासकट शिकवता येईल.

साध्या सरळ पंखाच्या शिकाऊ विमानाचा सीजी पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर हवा. तुमचा पंख २० सेंमी, म्हणजे ५ ते ६ सेंमी. तुमचा आहे ८, म्हणजे ४० टक्के. विमान शेपटीकडे जड आहे. अशा विमानाचं नाक एकदा वर गेलं की ते आपणहून खाली येत नाही, उलट आणखी वर जातं. चढता चढता वेग मरतो, पंखावरची हवा सुटते, विमान स्टॉल होतं. वेगच नसला की रडरची पकड जाते, म्हणून तुमचा उजवा रडर लागू पडला नाही.

आता डावीकडेच का? तुमचा प्रॉप बहुतेक मागून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत असणार. मोटर प्रॉपला एकीकडे फिरवते तेव्हा विमानाला उलट्या बाजूला, म्हणजे डावीकडे, लोळवायला बघते. पूर्ण थ्रॉटल आणि कमी वेग, दोन्ही एकत्र आले की हा ओढा सर्वात जास्त जाणवतो. म्हणजे मोटरचा हात आहेच, पण ती दुय्यम. सीजी जागेवर आला तर हा ओढा तुम्हाला रडरच्या थोड्या ट्रिमने (रिमोटवरून रडरला कायमचा दिलेला हलका कल) आवरता येईल.

आता हिशेब. ११५० ग्रॅमच्या विमानाचा सीजी अडीच सेंमी पुढे न्यायचा तर ११५० × २.५ = २८७५ ग्रॅम-सेंमी एवढा आघूर्ण (वजन गुणिले अंतर) हवा. तुमची बॅटरी १८० ग्रॅमच्या आसपास असेल. ती पंखाखालून काढून १२ सेंमी पुढे, मोटरच्या मागे सरकवली की २१६० मिळाले. दोन सर्व्हो मिळून १८ ग्रॅम. ते शेपटीवरून काढून ५० सेंमी पुढे, पंखाखाली आणले की आणखी ९००. बेरीज ३०६०. भागिले ११५०, म्हणजे सीजी सुमारे २.७ सेंमी पुढे सरकला आणि ५.३ वर आला. एक ग्रॅमही वाढवावा लागला नाही. नाकात शिसं भरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तुमचं विमान आधीच जड आहे. पंखाचं क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला ४८ ग्रॅम. शिकाऊ विमानाला हा आकडा ३० ते ४० च्या दरम्यान असला तर ते सावकाश उडतं आणि शिकणाऱ्याला विचार करायला वेळ देतं.

सर्व्हो पुढे आणल्यावर एलिव्हेटर-रडरपर्यंत लांब पुशरॉड, म्हणजे सर्व्होची हालचाल पोचवणाऱ्या काड्या, लागतील. अख्खे लोखंडी नकोत, वजन पुन्हा मागे जाईल. बांबूची बारीक, सरळ काडी तासून घ्या आणि फक्त दोन्ही टोकांना सायकलच्या स्पोकचे तुकडे दोऱ्याने आवळून बांधा. वर फेविक्विकचा थेंब. काडी मध्येच वाकू नये म्हणून बॉडीत एक-दोन ठिकाणी स्ट्रॉचे तुकडे चिकटवून त्यातून ओवा. शेपटी पुन्हा कधी कापाल तेव्हा ३ मिमीच्या शीटची करा.

हे झाल्यावर लगेच मोटर लावून उडवू नका. आधी मोटर बंद ठेवून नुसतं तरंगवून बघा. कापणी झालेलं मऊ रान, सकाळची वेळ, तोंडावर अगदी हलका वारा. पंख आडवे, नाक किंचित खाली, आणि समोर दूरच्या एखाद्या बिंदूकडे सरळ ढकला. वर फेकायचं नाही. मोटर बंद असताना सरळ तरंगलं आणि चालू केल्यावर डावीकडे गेलं, तर दोष मोटरच्या ओढ्याचा. मग मोटरच्या माउंटखाली, मागून पाहताना डाव्या बाजूच्या स्क्रूंना पातळ वॉशर घाला, म्हणजे शाफ्ट दोन-तीन अंश उजवीकडे वळेल. थ्रॉटल दिल्यावरच नाक उचलत असेल तर वरच्या स्क्रूंना वॉशर, शाफ्ट तेवढाच खाली. आणि मोटर बंद असतानाही डावीकडेच झुकलं, तर पंख पिळलेला आहे. विमान टेबलावर ठेवून मागून एक डोळा मिटून बघा. डाव्या पंखाची मागची कड उजवीपेक्षा वर उचललेली दिसेल. हेअर ड्रायरने शीट गरम करून उलटा पीळ द्या आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवा.

मी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो. तिथे एरोमॉडेलिंग शिकलो. दोन बारीक पोलादी तारांच्या टोकाला बाल्साचं विमान आणि आपण मध्ये उभं राहून गोल फिरायचं. इंधनात एरंडेल असायचं, तो वास अजून ओळखू येतो. रिमोट परवडत नसे. तुमच्या मुलांना नववीत हे मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणून एवढं लांबलं.

पश्चिमवारा

कंट्रोललाइन काकांनी सगळं सांगितलंच आहे. जायरोबद्दल तेवढं जोडतो. जायरो वाऱ्याचे हेलकावे कमी करतो, वजन जागेवर आणत नाही. शेपूटजड विमानाला तो लावला तर दोष झाकला जातो आणि मुलांना कारण कधीच कळत नाही.

सनपॅकच्या नळ्या कुठल्या दिशेने आहेत ते बघा. पंखात त्या टोकापासून टोकापर्यंत लांबीच्या दिशेनेच हव्यात. आडव्या असतील तर पंख उडताना मधोमध मोडतो. आणि सनपॅक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याला गोंद फारसा धरत नाही. तुमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ग्लू गनचा जोड मऊ पडून सुटतो. चिकटवायची जागा आधी पॉलिश पेपरने खरखरीत करा, आणि पंख-मोटरसारख्या महत्त्वाच्या ठिकाणी झिप टाय घाला.

मुलं आहेत म्हणून आवर्जून सांगतो: वर्गात सर्व्हो तपासताना प्रॉप काढूनच ठेवायचा. १० इंची प्रॉप बोट कापतो. रिमोटमध्ये फेलसेफ असा लावा की सिग्नल तुटला तर थ्रॉटल शून्यावर यावा, आणि तो प्रॉप काढून, रिमोट बंद करून तपासा.

खडू_फळा

मीही शिक्षक आहे, परवानगीपुरतं लिहितो. केंद्राचे ड्रोन नियम २०२१ रिमोटच्या विमानांनाही लागू आहेत. २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंत म्हणजे 'मायक्रो' वर्ग, तुमचं त्यात बसतं. व्यावसायिक वापर नसेल तर या वर्गाला रिमोट पायलटचं लायसन्स लागत नाही. विमान नजरेच्या टप्प्यात ठेवायचं. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशात तुमची जागा हिरव्या झोनमध्ये (परवानगीशिवाय उडवता येतं त्या भागात) आहे का ते उडवायच्या आधी दर वेळी बघा, कारण एखाद्या दौऱ्यासाठी वगैरे पोलिसांकडून काही काळापुरता रेड झोन जाहीर होऊ शकतो. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, पण मुलांसोबत १०० फुटांच्या वर जायची गरजच नाही. कोल्हापूरचं विमानतळ तुमच्यापासून लांब आहे, तो प्रश्न येऊ नये. मुख्याध्यापकांच्या सहीचं एक पत्र पोलीस ठाण्यात देऊन पोच घेऊन ठेवा. नियमात असो-नसो, गावात कुणी विचारलं तर ती पोच कामाला येते.

द्राक्षबागेच्या शेजारी मात्र उडवू नका. मांडवाच्या तारा आणि अँगल लांबून दिसत नाहीत, आणि अडकलेलं विमान काढायला मुलं धावत सुटतात.

प्रयोगवही

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं गणित मी फळ्यावर घातलं. आघूर्णाचा धडा मी दर वर्षी सी-सॉ काढून शिकवते, पण या वेळी मुलांनी बॅटरी हातात धरून स्वतः उत्तर काढलं. सर्व्हो पुढे घेतले, पुशरॉड बांबूचे केले. सीजी साडेपाचवर आला, तुमच्या आकड्याच्या अगदी जवळ. नळ्या लांबीच्याच दिशेने आहेत.

काल सकाळी हरभरा काढलेल्या रानात मोटर बंद ठेवून सोडलं. नाक वर गेलं नाही. सरळ गेलं, शेवटी जरासं डावीकडे झुकलं आणि पोटावर घसरत उतरलं. मागून बघितलं तर डाव्या पंखाची मागची कड खरंच काडेपेटीच्या जाडीएवढी वर आहे. एका मुलीला ते सर्वांत आधी दिसलं. आज ड्रायर आणतोय.

एक शंका. दहा वाजल्यानंतर आमच्याकडे वारा फार सुटतो, त्यामुळे मोटरसकट उडवणं पुढच्या शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हाच जमेल. बॅटरी पूर्ण चार्ज झालेली आहे. आठवडाभर तशीच ठेवली तर चालेल का?

कंट्रोललाइन

तशी ठेवू नका. पूर्ण चार्ज म्हणजे सेलला ४.२ व्होल्ट. त्या अवस्थेत लायपो पडून राहिली की फुगते. चार्जरवर स्टोरेज मोड असेल तर तो लावा, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास येईल. नसेल तर विमान घट्ट बांधून, प्रॉप काढून मोटर बराच वेळ चालवा आणि मीटरने मोजत राहा. पत्र्याच्या डब्यात, सावलीत ठेवा, कपाटात कागदांजवळ नको. शुक्रवारी संध्याकाळी समोर बसून चार्ज करा.

पीळ काढल्यावर आधी पुन्हा मोटर बंद ठेवून सोडा. ते सरळ गेलं तरच पाऊण थ्रॉटलवर, वाऱ्याच्या तोंडावर. ट्रिम किती लागला ते इथे लिहा, त्यावरून वॉशर घालायचे की नाही ते ठरवू.