इट्रुस्कन देवळाचे ‘पोडियम’: अधिष्ठान, चौथरा की जोते?

प्रश्न: ग्रीक आणि इट्रुस्कन (रोमनांआधीच्या मध्य इटलीतल्या लोकांच्या) देवळांवर मराठीत लिहिते आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या तळाला ‘अधिष्ठान’ म्हटले आणि इट्रुस्कन ‘पोडियम’लाही, म्हणजे देवळाच्या उंच तळालाही, तेच. चालेल ना? शिवाय छपराच्या ‘रिज’वर, म्हणजे दोन उतार मिळतात त्या माथ्यावर, पुतळे असत, त्या ‘रिज’ला काय म्हणावे?

प्रतिसाद: एकच शब्द नको. पार्थेनॉनच्या (इ.स.पू. 447–432) तळाच्या पायऱ्या चारही बाजूंनी फिरतात आणि खांबही चहूबाजूंनी आहेत. इट्रुस्कन देऊळ उंच तळावर असते, पायऱ्या फक्त समोर, खांबही समोरच्या खोल ओसरीपुरते. त्या तळाला ‘जोते’ म्हणा, पार्थेनॉनच्या तळाला ‘पायऱ्यांचा चौथरा’. ‘अधिष्ठान’ म्हटले की आपल्या देवळांचे थरावर थर डोळ्यांसमोर येतात, ते इथे नाहीत.

‘रिज’ला आपला ‘आढे’ हा शब्द असताना दुसरा कशाला शोधायचा? रोमजवळच्या वेई या इट्रुस्कन शहरातल्या देवळाच्या आढ्यावर भाजलेल्या मातीचे पुरुषभर उंचीचे देव उभे होते. त्यांतला अपोलो (इ.स.पू. 510च्या सुमाराचा) 1916 साली सापडला, आता रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. ग्रीक शिल्पकार कथाशिल्पे मुख्यतः छपराखालच्या त्रिकोणात बसवत. इथे देव थेट आढ्यावरून चालत निघालेत. मला हा अपोलो पार्थेनॉनवरच्या कुठल्याही मूर्तीइतकाच थोर वाटतो.

दुसरा प्रतिसाद: जोते, आढे, तुळई हे घराचे शब्द. देवळाला हलके नाही वाटत?

पहिल्याच सदस्याचे उत्तर: नाही, कारण ते बांधकामच मुख्यतः लाकूड-मातीचे होते. जोते दगडी, भिंती बहुधा कच्च्या विटांच्या, वर लाकडी तुळया आणि कौले. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस टस्कन (म्हणजे इट्रुस्कन पद्धतीच्या) देवळाची मापे देताना सांगतो की जोडतुळयांमध्ये दोन बोटे फट ठेवा. एकमेकींना चिकटल्या तर वारा लागत नाही आणि त्या लवकर कुजतात. हे वाक्य सुताराच्या भाषेतच मराठीत यायला हवे. तुळयांवर रंगवलेल्या भाजक्या मातीच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकत. शोभा होतीच, पण लाकूड पावसापासून वाचवणे हेही काम होते.

ग्रीकांचीही सुरुवात लाकडातच झाली. ऑलिम्पियाच्या हेरा देवळात एक ओकचा खांब इ.स. दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियसने पाहिला. डोरिक या ग्रीक शैलीतल्या देवळांवरचे तीन उभ्या पट्ट्यांचे ठोकळे म्हणजे तुळयांच्या टोकांची दगडी आठवण, असे व्हिट्रुव्हियस म्हणतो. आजचे सगळे अभ्यासक ते मानत नाहीत. ग्रीकांनी पुढे दगड आणि संगमरवर धरला, इट्रुस्कनांनी देवळांसाठी लाकूड आणि माती सोडली नाही.

मूळ प्रश्नकर्ती: पटले. मग ‘टेराकोटा’ला ‘मृण्मय’?

उत्तर: ‘मृण्मय’ कच्च्या मातीचेही असते. ‘पक्वमृदा’ बरोबर आहे, पण वाचक अडखळतो. इटलीतल्या चेरवेतेरीची ती इट्रुस्कन शवपेटी, जिच्यावर नवरा-बायको मेजवानीच्या पलंगावर शेजारी रेललेले आहेत, ती ‘भाजलेल्या मातीची’ असेच लिहा.