मदत हवी आहे: ‘माहिती समाज’ची व्याख्या करताना रेषा कुठे आखायची?

समाजशास्त्राच्या टिपणासाठी ‘माहिती समाज’ची (information society; ढोबळमानाने, ज्याच्या केंद्रस्थानी माहिती आहे असा समाज) व्याख्या हवी आहे, दोन-तीन वाक्यांत, आणि देशांची तुलना करता येईल अशी. शब्दकोश, विकिपीडिया पाहून झाले.

समाजशास्त्रज्ञ फ्रँक वेबस्टर यांचे पाच निकष माहीत आहेत: तंत्रज्ञान, अर्थव्यवस्था, व्यवसाय, अवकाश (ठिकाणांना जोडणारी माहितीची जाळी), संस्कृती. याच विषयावर लिहिणारे समाजशास्त्रज्ञ डॅनियल बेल (१९७३) सेवाक्षेत्र आणि ज्ञानाधारित कामावर भर देतात, मॅन्युएल कॅस्टेल्स (१९९६) नेटवर्कच्या रचनेवर. संयुक्त राष्ट्रांच्या माहिती समाजविषयक शिखर परिषदेच्या २००३च्या जिनिव्हा जाहीरनाम्यातला ‘लोककेंद्री, सर्वसमावेशक’ समाज ध्येय म्हणून ठीक आहे, पण त्याने मोजमाप होत नाही.

व्यवसायाचा निकष मोजता येतो म्हणून आधी तोच लावून पाहिला. पण शिक्षक, कारकून, प्रोग्रॅमर सगळेच ‘माहितीचं काम’ करणारे धरले, तर संगणक येण्याआधीची कागदी नोकरशाहीसुद्धा आत शिरते! इंटरनेट वापरणाऱ्यांचं प्रमाण घ्यावं, तर नेमक्या किती टक्क्यांना समाज बदलला म्हणायचं? कुठलाही आकडा मनमानीच वाटतो.

डिजिटल तंत्रज्ञान ही अट ठेवलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही.

मग एक निकष मुख्य मानून बाकीचे पूरक ठेवावेत, की आकडे सोडून गुणात्मक बदलाची कसोटी लावावी? आणि तशी कसोटी घेतली, तर ती दोन देशांना लावून तपासायची कशी?