फुटबॉलच्या ऑल-टाइम ड्राफ्टमध्ये (आळीपाळीने आजवरचे खेळाडू निवडून आपापली टीम बनवायची) शेवटचा नंबर आलाय, कोणाला घेऊ?

दादरचा लेफ्टबॅक: आम्ही आठ जण, टपरीवर कटिंग पीत चिठ्ठ्या उचलल्या आणि माझी आठवी, म्हणजे पेले, मॅराडोना, मेस्सी सगळे गेलेच समजा. दुसरी फेरी शेवटच्यापासून उलटी फिरते म्हणून आठवा नि नववा पिक सलग माझे. सुचवा लवकर.

परळकर: गोली आधी घे रे. लेव्ह याशिन. १९६३ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, दुसऱ्या कुठल्याच गोलीला अजून मिळालेला नाही. स्ट्रायकर काय, पाचव्या फेरीतपण मिळतात.

वाकडा पाय: ब्राझीलचा गॅरिंचा!! १९६२ च्या वर्ल्डकपला पेले दुसऱ्याच मॅचला जखमी होऊन बाहेर, मग ह्याने क्वार्टरला इंग्लंडला दोन आणि सेमीला चिलीला दोन ठोकले, आणि पाय बघितलेस का त्याचे, दोन्ही एकाच बाजूला वाकलेले, डिफेंडरला कळणार काय.

कूपरेजवाला: शेवटच्या फेरीत नेव्हिल डिसोझा टाक, १९५६ ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, आपल्या मुंबईत टाटांकडून खेळायचा. हसतील, हसू दे.

दादरचा लेफ्टबॅक: याशिन आणि गॅरिंचा फायनल. डिसोझाला पण घेतो, चिठ्ठी आत्ताच खिशात टाकली.